परतीची वाट

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम आणि पिरंगुटचा छोटा घाट मागे टाकला, की मुळशी तालुक्याचे खरे रूप दिसू लागते. पौड हे तालुक्याचे ठिकाण. तेथून पुढे रस्ता मुळशी धरणाकडे जातो आणि जलाशयाच्या कडेकडेने ताम्हिणी घाटाच्या दिशेने वळतो. आषाढ-श्रावणात या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाही. त्याच पावसावर येथील भातशेती उभी आहे, आणि मुळशीच्या आंबेमोहोराचा सुवास पुण्याच्या घराघरांत पोहोचला आहे तोही त्याच पावसाच्या कृपेने.

या रस्त्यालगत, पौडच्या थोडे पुढे, एक जुनी भातगिरण आहे. गिरणीचे मालक साठी उलटलेले गृहस्थ. सारा परिसर त्यांना ‘शेठ’ म्हणतो. वडिलांच्या काळापासूनची गिरण, वडिलांच्या काळापासूनच्या चोपड्या आणि वडिलांनीच घेतलेली एक मालगाडी. संगणक आला, हिशेबाची तयार सॉफ्टवेअरे आली, तरी शेठ दिवसाची किर्द स्वतःच्या हाताने लिहीत. महिनाअखेरीस तेरीज जुळल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. पाच रुपयांचा फरक आला तरी ते ‘किरकोळ खर्च’ म्हणून टाकून देत नसत. फरकाला नऊने भाग जातो का पाहावे, जात असेल तर कोठेतरी आकड्यांची उलटापालट झाली असावी, म्हणजे ५४ चे ४५. दोनने भाग जात असेल तर त्याच्या निम्मी रक्कम चुकून नावेऐवजी जमेला गेली असावी. असे त्यांचे जुने ठोकताळे होते आणि बहुधा ते खरे ठरत.

गाडी म्हणजे १९९६ सालची ‘चारशेसात’. टेल्कोने १९८६ साली हा छोटा मालट्रक बाजारात आणला आणि पाहता पाहता तो महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचला. दोन टनांच्या आसपास माल घेऊन अरुंद रस्त्याने जाणारी, घाटात न कुरकुरणारी आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी ही गाडी अनेक कुटुंबांच्या संसाराचा आधार ठरली. शेठांच्या गाडीवर पहिल्या दिवसापासून एकच चालक होते. सर्वजण त्यांना ‘मामा’ म्हणत, शेठही. एकोणीस पावसाळे मामांनी तांदूळ गुलटेकडीच्या भुसार बाजारात नेला आणि परतीच्या फेरीत खत, बारदान, किराणा असे मिळेल ते आणले. एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, अशी त्यांची ख्याती होती.

एकोणिसाव्या आषाढात ती ख्याती एका संध्याकाळी संपली.

भातलावणीचे दिवस होते. मामा पुण्याहून खताची पोती भरून परतत होते. सहाचा सुमार, पण ढगांनी अंधारून आलेले, पाऊस संततधार. दिवे लावूनच गाडी चालली होती. गिरणीपाशी डावीकडे आत वळायचे, म्हणून मामांनी वेग कमी केला आणि गाडी वळवली. त्याच क्षणी मागून येणारी मोटारसायकल डाव्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. स्वार शेजारच्याच गावचा विशीतला मुलगा, पिरंगुटच्या एका कारखान्यातून पाळी संपवून घरी निघालेला. दैव बलवत्तर म्हणून जिवावरचे हातावर निभावले. उजवे मनगट मोडले, गुडघा फुटला. प्लॅस्टर निघेपर्यंत कामावर जाता येणार नव्हते, आणि रोजंदारीवरच्या मुलाला याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

दवाखान्यात मुलगा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. “काका, इंडिकेटर नव्हता. मागून नुसते लाल-लाल काहीतरी मिणमिणत होते. गाडी सरळ जातेय असेच मला वाटले.”

मामाही एकच गोष्ट सांगत होते. “शेठ, मी इंडिकेटर दिलेला. समोर तीर लागत होता, टिकटिक ऐकू येत होती. एकोणीस वर्षांत न देता वळलो नाही, आजच कसा वळेन?”

दोघांपैकी एक खोटे बोलत आहे, हे उघड होते. निदान शेठांना ते उघड वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप मिळताच त्यांनी गाडी अंगणात उभी केली, मामांना बाजूला उभे राहायला सांगितले आणि स्वतः डावा इंडिकेटर लावून मागे जाऊन पाहिले. पिवळा दिवा व्यवस्थित उघडझाप करीत होता. काच अर्धी तडकली होती, पण बल्ब शाबूत होता. शेठ काही बोलले नाहीत. दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी गिरणीतून दिला, मुलाच्या बुडालेल्या मजुरीचेही पैसे त्याच्या आईच्या हाती पोहोचवले. संध्याकाळी त्यांनी मामांना बोलावून सांगितले, “मामा, आता वय झाले. नजर पूर्वीसारखी राहत नाही, विसरही पडतो. या महिन्याचा हिशेब पुरा करू आणि थांबू.”

मामांनी वाद घातला नाही. इतकेच म्हणाले, “मला काढा शेठ, तुमची गाडी आहे. पण दुसरा माणूस बसवायच्या आधी पिरंगुटच्या मिस्त्रीला एकदा गाडी दाखवा. माझे खरे-खोटे राहू द्या. उद्या त्याच्या हातून कोणी जायला नको.”

हे वाक्य शेठांच्या मनात रुतले. खोटे पकडले गेलेला माणूस असे बोलत नाही, हे व्यवहारात मुरलेल्या माणसाला कळत होते. परंतु सकाळी डोळ्यांनी पाहिलेला तो पिवळा दिवाही खोटा नव्हता.

वळण्याआधी वळण्याची खूण करावी ही रीत मोटारींइतकीच जुनी आहे. पूर्वी मालट्रकचा चालक उजवीकडे वळताना खिडकीतून उजवा हात आडवा बाहेर काढी, आणि डावीकडे वळायचे तर तोच हात घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने गोल फिरवी. डाव्या बाजूचा क्लीनर दारातून अंग बाहेर काढून हात दाखवी ते निराळेच. पुढे उघडझाप करणारे दिवे आले. अमेरिकेत १९३९ साली ब्यूक मोटारींवर ते दिसू लागले आणि कालांतराने जगभर रूढ झाले. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये या दिव्याचा रंग आणि त्याची गतीही ठरवून दिली आहे. दिवा पिवळसर नारिंगी असावा आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही व १२० पेक्षा अधिक नाही इतक्या वेळा लुकलुकावा. त्याहून मंद असेल तर पाहणाऱ्याच्या लक्षात येण्याआधी वळण येऊन जाते.

या दिव्याची एक गंमत अशी की तो लावणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. चालकाला दिसतो तो फक्त समोरचा लहानसा हिरवा तीर. मागच्या माणसाला काय दिसते आहे, हे पुढच्या माणसाला केवळ विश्वासाने मानावे लागते. आपण सांगितले म्हणजे समोरच्याला ऐकू गेले, असे आपण गृहीत धरतो तसेच हे.

पिरंगुटचे मिस्त्री म्हणजे पत्र्याच्या टपरीत चाळीस वर्षे वाहनांचे वायरिंग करणारे वृद्ध गृहस्थ. टपरीत एक बाकडे, बॅटऱ्यांची रांग, भिंतीला टांगलेली रंगीबेरंगी वायरींची भेंडोळी आणि एक जुना मीटर. शेठांनी गाडी नेली, तेव्हा सोबत मामांनाही घेतले होते.

“शेठ, आधी काय काय केलेय?” मिस्त्रींनी विचारले.

शेठांनी आठवून सांगितले. गेल्या वर्षभरात इंडिकेटरची तक्रार दोनदा आली होती. मामाच म्हणाले होते की पावसाळी रात्री टिकटिक जरा निराळी वाजते. एका ठिकाणी फ्लॅशर बदलून दिला. दुसऱ्या ठिकाणी मागचा बल्ब काढून एलईडी बसवला, तर टिकटिक एकदम घाईने होऊ लागली. म्हणून पुन्हा जुनाच बल्ब लावला. दोन्ही वेळी गॅरेजच्या दारात दिवा नीट लागला, पैसे दिले, गाडी निघाली.

मिस्त्री हसले. “फ्लॅशर बिचारा चौकीदार आहे. त्याच्यातून किती करंट जातोय त्यावर तो चालतो. मागे-पुढे २१ वॅटचे दोन बल्ब असतील तर त्याचे बरोबर चालते. एक बल्ब गेला किंवा एलईडीसारखा हलका दिवा लावला, की त्याला वाटते बल्बच उडालाय. मग नव्या जातीचा घाई करतो, जुन्या जातीचा मंदावतो नाहीतर अडकून राहतो. टिकटिक बदलली म्हणून फ्लॅशर बदलणे म्हणजे चोर आला असे सांगणाऱ्या गुरख्यालाच काढून टाकणे.”

शेठांनी नकळत मामांकडे पाहिले. मामा दूरवर घाटाकडे पाहत होते.

मिस्त्रींनी हातात एकही हत्यार घेतले नाही. त्यांनी मामांना बाकड्यावर बसवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे प्रश्न अपघातानंतर कोणीही विचारले नव्हते. “मामा, वळताना मोठे दिवे चालू होते?” होते. “पाय कुठे होता?” ब्रेकवर. “हौदा?” भरलेला, खताची पोती. “तीर लागत होता?” लागत होता, पण जरा वेगळा. “पाऊस?” धो धो.

“आणि शेठ, तुम्ही सकाळी बघितला तेव्हा?”

दिवे बंद, ब्रेकवर पाय नाही, हौदा रिकामा, वर ऊन.

“म्हणजे तुम्ही दुसरीच गाडी बघितली,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी टपरीतल्या दोन मुलांना हाक मारली. शेजारच्या दुकानातून सिमेंटची पोती आणून हौद्यात मागच्या बाजूला रचली. दुपार असली तरी ढगांमुळे उजेड कमीच होता. मामा चालकाच्या जागी बसले. “नुसता डावा इंडिकेटर द्या.” पिवळा दिवा लुकलुकू लागला, थोडा फिका, पण स्पष्ट. “आता मोठे दिवे लावा.” पिवळा दिवा आणखी फिका पडला. “आता ब्रेक दाबा.”

आणि शेठांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ब्रेकचा लाल दिवा उजळण्याऐवजी निखाऱ्यासारखा मंद तांबूस लागला, त्याच्या शेजारचा पिवळा दिवा जवळजवळ नाहीसा झाला, आणि दोन्ही मिळून काहीतरी लालसर मिणमिण करू लागले. उजवीकडचे दिवे मात्र स्वच्छ लागलेले होते. गाडीच्या नाकाकडे जाऊन पाहिले, तर पुढचा डावा इंडिकेटर ठणठणीत. मामांच्या समोरचा हिरवा तीरही लुकलुकत होता.

दवाखान्यातल्या मुलाचे शब्द शेठांना आठवले. नुसते लाल-लाल काहीतरी मिणमिणत होते. मुलगा खरे बोलत होता. आणि तीर लागत होता, म्हणजे मामाही खरेच बोलत होते.

मिस्त्रींनी आता मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला लांब वायरीने जोडले, दुसरे मागच्या दिव्याच्या होल्डरच्या धातूला टेकवले. येथे काटा जवळजवळ शून्यावर हवा, अर्ध्या व्होल्टच्या आत, कारण होल्डर, हौदा, चासी आणि बॅटरीची ऋण बाजू हे सारे विजेच्या दृष्टीने एकच असावे लागते. नुसता इंडिकेटर लावला तेव्हा काटा प्रत्येक लुकलुकीला दोन व्होल्टपर्यंत उडी घेऊ लागला. दिवे आणि ब्रेक लावताच तो चारच्या पुढे गेला. बारा व्होल्टच्या गाडीत दिव्याला मिळायच्या विजेचा तिसरा हिस्सा वाटेतच अडकत होता. तापलेल्या तारेच्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज एक तृतीयांशाने घटले तर उजेड एक तृतीयांशाने घटत नाही. तो जेमतेम चौथाईवर येतो.

“शेठ, तुम्ही मुळशीची माणसे, धरणाजवळ राहणारी,” मिस्त्रींनी समजावून सांगितले. “धरणाचे पाणी बोगद्यातून खाली भिऱ्याला जाते, तिथे वीज करते आणि कुंडलिकेत सुटते. ते काही वर परत येत नाही. पण वीज तशी नाही. बॅटरीतून निघालेली वीज बॅटरीत परत आली पाहिजे. परत यायला वाट नसेल तर ती निघतच नाही, वाट अरुंद असेल तर अडखळत निघते. जायला वायर आहे, ती सगळे तपासतात. यायला गाडीचे अंगच वायर आहे, तिकडे कोणी बघत नाही. आणि मागच्या दिव्यात इंडिकेटर, ब्रेक, टेल या तिघांची परतीची वाट एकच. एकटा असला तर कसाबसा निघून जातो. तिघे एकदम आले की दारात चेंगराचेंगरी. हौदा भरला की पत्रा दबतो आणि आहे ती वाटही आणखी बारीक होते.”

मिस्त्रींच्या उदाहरणात मुळशीचा सगळा इतिहास दडला होता. मुळा ही मूळची पूर्ववाहिनी नदी. तिचे पाणी भीमेला, भीमेचे कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. टाटांनी धरण बांधून ते पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला, कोकणात उतरवले आणि मुंबईला वीज दिली. त्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. शेठांच्या आजोळच्या पिढीतील काही घरे त्या पाण्याखाली गेली. गेलेले पाणी परत येत नाही, हे मुळशीकरांना कोणी नव्याने सांगायला नको होते. विजेचे मात्र तसे नसते, ही गोष्ट शेठ त्या दिवशी प्रथमच ऐकत होते.

मिस्त्रींनी खात्रीसाठी एक जाड वायर घेतली, तिचे एक टोक होल्डरला आणि दुसरे टोक चासीवर खरवडून चकचकीत केलेल्या जागी धरले. त्याच क्षणी लाल दिवा भडकून उजळला आणि त्याच्या शेजारी पिवळा दिवा ठसठशीत लुकलुकू लागला. टपरीतली मुले हसली. वायर काढली, की पुन्हा मिणमिण. वायर लावली, की पुन्हा उजेड. दोष सापडला, ही गोष्ट समजायला कोणाच्याही शब्दाची गरज उरली नाही.

उरला प्रश्न एवढाच की ती वाट अरुंद कशाने झाली. मिस्त्रींनी पान्याने मागच्या दिव्याची पट्टी सोडवली. बोल्टच्या खालचा पत्रा जेथे उघडा असायला हवा, तेथे रंगाचा जाड थर होता. एक नव्हे, अनेक थर, एकावर एक, निळे आणि लाल. कडेने पावसाचे पाणी शिरून गंज धरला होता.

आठ वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. शेठांचा शिरस्ता असा की पासिंगच्या आधी गाडी आतून-बाहेरून रंगवून घ्यायची. गाडी जुनी असली तरी ती जुनी दिसता कामा नये, हा त्यांचा आग्रह. दोन वर्षांपूर्वी तर त्यांनी रंगाऱ्याला बजावून सांगितले होते की मागचे दिवे सोडव, त्यांच्या खालचा पत्राही रंगव, एक इंच जागा सोडू नकोस. रंगाऱ्याने सांगितल्याबरहुकूम केले. रंग वीज वाहून नेत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि शेठांनाही नव्हते. बोल्टच्या आट्यांतून जेवढा धातू धातूला टेकत होता, तेवढ्यावर दोन वर्षे निभावले. तेथे गंज चढू लागला, तशी टिकटिक बदलू लागली.

म्हणजे मुलाचे मनगट मोडले त्याचा धागा मागे मागे ओढत नेला, तर तो मामांच्या नजरेपाशी थांबत नव्हता. तो शेठांच्या स्वतःच्या तोंडच्या शब्दापाशी येत होता.

शेठ बराच वेळ त्या खरवडलेल्या रंगाच्या पापुद्र्यांकडे पाहत उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी द्विनोंदी पद्धतीने हिशेब लिहिला होता. जे कोठून तरी गेले ते कोठे तरी आले पाहिजे, नावेला जमा हवीच, हे त्यांनी मुनिमांना शिकवले होते. तेरीज जुळली नाही तर आधी स्वतःची बेरीज तपासावी, मग दुसऱ्याचे अक्षर, हाही त्यांचाच दंडक. परंतु माणसाचा हिशेब करताना त्यांनी एकच बाजू पाहिली. पाच रुपयांच्या फरकासाठी रात्र जागवणाऱ्या माणसाने एकोणीस वर्षांचे खाते एका सकाळच्या पाहणीवर बंद केले होते.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. मिस्त्रींनी पट्टीखालचा रंग आणि गंज काचकागदाने घासून पत्रा पांढरा केला, बोल्टखाली दातेरी वायसर घातला, आणि भरवसा म्हणून प्रत्येक मागच्या दिव्याच्या होल्डरपासून थेट चासीपर्यंत एक स्वतंत्र वायर टाकली. तिच्या टोकाला तांब्याचे थिंबल दाबून बसवले. सगळे आवळल्यावर वरून ग्रीस लावले, पाणी शिरू नये म्हणून. तडकलेली काच बदलली. उजव्या बाजूचीही पट्टी सोडवून पाहिली. तेथेही रंग होताच, फक्त गंज अजून पोहोचला नव्हता. मीटरचा काटा आता सगळे दिवे लावूनही शून्याच्या आसपास हलत होता. सामान आणि मजुरी मिळून जो आकडा झाला, तो वर्षभरात केलेल्या आधीच्या दोन दुरुस्त्यांच्या खर्चाहूनही कमी होता.

पैसे देताना शेठांनी मिस्त्रींना विचारले, “हे आम्हाला घरी कसे कळावे? रोज काही तुम्हाला दाखवता येणार नाही.”

“सोपे आहे,” मिस्त्री म्हणाले. “महिन्यातून एकदा, संध्याकाळी, मागे माणूस उभा करा. दिवे लावा, ब्रेक दाबा, मग एकेक बाजूचा इंडिकेटर द्या. तीन्ही एकदम चालू असताना बघायचे. इंडिकेटर दिल्यावर लाल दिवा त्याच्या तालावर कमी-जास्त होत असेल, किंवा एका बाजूचा दिवा दुसऱ्यापेक्षा फिका असेल, तर अर्थ गेला समजा. एका बाजूचीच टिकटिक बदलली तर त्या बाजूचे बल्ब बघा. दोन्ही बाजूंची बंद झाली तर आधी फ्यूज, मग फ्लॅशर. आणि चालवणारा माणूस काही वेगळे वाजतेय म्हणाला, तर त्याचे ऐका. तो रोज ऐकतो. आपण महिन्याने ऐकतो.”

शेठ मामांकडे वळले. टपरीत दोन मुले होती, मिस्त्री होते, चहा घेऊन आलेला पोऱ्या होता. मामांना एकीकडे नेऊन बोलावे असा विचार शेठांच्या मनात येऊन गेला असावा, कारण ते क्षणभर थांबले. परंतु मामांना दोष दिला होता तो गिरणीच्या अंगणात, हमालांच्या देखत. त्याची भरपाई कोपऱ्यात करण्यासारखी नव्हती.

“मामा,” ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, “तुम्ही वर्षभर सांगत होता, मी ऐकले नाही. चूक माझी होती, शिक्षा तुम्हाला दिली. मला क्षमा करा.”

मामांनी गडबडीने हात जोडले. “असे काय शेठ… चला, पाऊस यायच्या आत घाट उतरू.”

परतताना गाडी गिरणीकडे न जाता आधी त्या मुलाच्या गावी गेली. मुलगा ओट्यावर हात गळ्यात बांधून बसला होता. मामांना पाहून त्याची आई आत वळली. शेठांनी तिला थांबवून सर्व हकीगत सांगितली. दिवा दिला होता आणि दिवा दिसला नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मध्ये रंगाचा थर होता, तो आपण लावलेला. मुलगा आणि मामा काही वेळ एकमेकांकडे पाहत राहिले. मग मुलगा म्हणाला, “मामा, मीही जरा जवळूनच चाललो होतो. पावसात अंतर ठेवायला पाहिजे होते.” कोणी विचारलेले नसताना तो हे बोलला. आई चहा टाकायला आत गेली.

त्या वर्षापासून पासिंगच्या आधी गाडीला रंग लागतो, पण दिव्यांखालचा पत्रा रंगाऱ्याला चिकटपट्टी लावून झाकायला सांगितला जातो. त्या एवढ्याशा जागेत लोखंड उघडे दिसते, ग्रीसने काळवंडलेले. नव्या रंगात ते शोभत नाही, आणि शेठ आता त्याबद्दल कोणाला बोलत नाहीत.

दर महिन्याच्या अखेरीस, तेरजेच्या दिवशी, तिन्हीसांजेला शेठ गिरणीच्या फाटकाबाहेर, गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहतात. हातात वडिलांचे जुने घड्याळ असते. मामा दिवे लावतात, ब्रेक दाबतात आणि डावा इंडिकेटर देतात. शेठ मनातल्या मनात मोजतात. मिनिट भरले, की ते हात वर करून मोठ्याने आकडा सांगतात, “८४!” केबिनमधून मामांचा आवाज येतो, “दिसतोय ना शेठ?”

“दिसतोय, मामा,” शेठ म्हणतात, आणि मग उजवा लावायला सांगतात.